महामहोपाध्याय वा. वि. मिराशी : ताम्रपटांतून शिवार वाचणारे संशोधक

महामहोपाध्याय डॉ. वासुदेव विष्णु मिराशी हे नाव मराठी वाचकांना बहुधा त्यांच्या ‘कालिदास’ या ग्रंथामुळे परिचित असते. संस्कृतचे व्यासंगी अध्यापक आणि मेघदूतातील रामगिरी म्हणजेच रामटेक असे साधार प्रतिपादणारे विद्वान, ही त्यांची ओळख यथार्थच आहे. परंतु पांढुर्णा व सौसर या आपल्या दोन तालुक्यांवर त्यांचे आणखी एक ऋण आहे आणि त्याची जाणीव आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. भारतातील कोरीव लेखांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात मिराशींनी वाकाटक राजांचे लेख संपादिले. त्यांत दुसऱ्या प्रवरसेनाच्या राज्यकालाच्या एकोणतिसाव्या वर्षाचा एक ताम्रपट आहे. अभ्यासकांच्या जगात तो ‘पांढुर्णा ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. संत्र्यांच्या बागांसाठी आणि जाम नदीच्या काठच्या गोटमारीसाठी प्रसिद्ध असलेले आपले गाव अशा रीतीने पंधराशे वर्षांपूर्वीच्या इतिहासाचे एक साधन म्हणून नोंदले गेले आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या थोर संशोधकाचे स्मरण करावयाचे ते केवळ आदरापोटी नव्हे. त्यांच्या जीवनकार्यातून आपल्या भूमीविषयी एक धडा मिळतो, आणि आज शेतजमिनी झपाट्याने वसाहतींत व रस्त्यांत रूपांतरित होत असताना तो धडा ध्यानी घेणे अगत्याचे झाले आहे.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणात कुवळे या खेडेगावी झाला. हे गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते, आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचा पाया पक्का झाला आणि मूळ ग्रंथ स्वतः वाचल्यावाचून मत बनवावयाचे नाही ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली. १९१९ साली ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. कोकणात जन्मलेल्या या तरुण अध्यापकाला विदर्भाने आपलेसे केले. पुढील सारे आयुष्य त्यांनी याच प्रदेशाच्या इतिहासाला वाहिले.

त्या काळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा प्राचीन इतिहास बव्हंशी अंधारात होता. रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली या प्रांतातील कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध करून वाट दाखविली होती. तथापि राजांचा क्रम, त्यांच्या राजधान्या, त्यांच्या राज्यांच्या सीमा यांविषयी निश्चित असे थोडेच सांगता येत होते. पुराणांत वाकाटकांचा त्रोटक उल्लेख येतो, पण त्यांचा इतिहास लिहावयाचा तर मुख्य आधार म्हणजे शिलालेख आणि ताम्रपट. शिलालेख मोजके. ताम्रपट मात्र जमिनीच्या पोटात होते आणि ते केव्हा, कोणाच्या नांगराला लागतील याचा नेम नव्हता. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या मिराशींना या पत्र्यांवरील पेटिकाशीर्षक लिपीने आकर्षून घेतले. या लिपीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकोनी पेटी कोरलेली असते. काव्यशास्त्राच्या अध्यापनाबरोबरच ते पुराभिलेखांच्या अभ्यासाकडे वळले आणि तोच त्यांचा जीवनव्यवसाय झाला.

ताम्रपट म्हणजे काय, हे सर्वसामान्य वाचकांसाठी येथे सांगितले पाहिजे. तो जमिनीच्या दानाचा दस्तऐवज असतो. तांब्याचे काही पत्रे एका कडीत ओवून त्या कडीला राजमुद्रा जोडलेली असते. दाता कोण, त्याचे पूर्वज कोण, दान कोणाला, कोणत्या गावी, किती जमिनीचे, कोणत्या सवलतींसह, हे सारे त्यावर कोरलेले असते. जमिनीचे माप बहुधा निवर्तनांत दिलेले असते आणि ते राजकीय मापाने मोजल्याचेही नमूद केलेले असते. राजाच्या शिपायांनी त्या गावात शिरू नये, गावकऱ्यांकडून दूध, फुले, गवत, कोळसा घेऊ नये, अशा सवलती वाकाटकांच्या दानपत्रांत दिसतात. विशेष म्हणजे जमिनीत पुरलेला निधीही दान घेणाऱ्याकडे सोपविला जाई. भूमीच्या वर जे दिसते त्याच्या जोडीला भूमीच्या पोटात जे असेल त्याचीही दखल त्या काळचा दस्तऐवज घेत असे. आपल्या पटवाऱ्याच्या खसऱ्यात पिकाची नोंद असते, विहिरीची असते, झाडांची असते. जमिनीखाली काय आहे याला मात्र रकाना नाही.

असे दस्तऐवज विद्वानांच्या हाती कोणत्या वाटेने आले, हे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. अचलपूरजवळील चमक या गावी १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना प्रवरसेनाचा एक ताम्रपट वर आला. त्यात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार निवर्तने भूमी दिल्याचा उल्लेख असून गावाचे नाव चर्मांक असे आहे. ज्या गावाचे दान झाले त्याच गावाच्या वावरात तो सुमारे चौदाशे वर्षे पडून होता. राणी प्रभावतीगुप्तेचा नंदिवर्धनाहून दिलेला ताम्रपट मात्र पुण्यात एका तांबट घराण्याकडे सापडला आणि म्हणून ‘पुणे ताम्रपट’ या नावाने प्रसिद्ध झाला. विदर्भातील दानपत्र तेथे कसे गेले, मूळ कोणत्या जमिनीतून निघाले, याचा माग उरला नाही. याच राणीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूर येथे महानुभाव महंतांच्या संग्रही जतन झाला. तांबटाच्या घरी गेलेला पत्रा भट्टीत न जाता वाचला हे सुदैवच म्हणावयाचे. जे भट्टीत गेले असतील त्यांची गणती कोण करणार?

मिराशींच्या कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. अमुक गावी पत्रे सापडले आहेत असे कानी आले की ते मिळवावयाचे, त्यांचे ठसे घ्यावयाचे, एकेक अक्षर तपासावयाचे, आणि मग लेखातील गावे नकाशावर शोधावयाची, असा त्यांचा क्रम असे. या शेवटच्या कामात त्यांची प्रतिभा विशेष प्रकट होई. दानपत्रात गावाचे नाव, ते ज्या विभागात आहे त्याचे नाव, जवळची नदी, चारी दिशांची शेजारची गावे असा तपशील असतो. पंधरा शतकांत नावे झिजतात, तुटतात, पण सहसा पुरती नाहीशी होत नाहीत. वत्सगुल्माचे वाशीम होते, वरदाखेटाचे वरूड होते. एकट्या नावाच्या साम्यावर विसंबणे धोक्याचे असते. एका नावाबरोबर शेजारची दोनतीन नावे आणि नदीची दिशा जुळली, तरच ते स्थान निश्चित मानावयाचे. या पद्धतीने मिराशींनी विदर्भाचा प्राचीन नकाशा गावागणिक भरत नेला.

आपल्या भागाशी निगडित अशी काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. पांढुर्ण्याच्या शेजारच्या मुलताई तालुक्यातील पट्टण येथील ताम्रपट मिराशींनी संपादिला. त्यात वरदाखेट मार्गातील एका गावच्या चारशे निवर्तने जमिनीचे दान आहे. ते अन्नसत्रासाठी दिलेले आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील दुडिया येथील ताम्रपटही याच राजाचा आहे. त्याच्या बऱ्याच नंतरचा, शके ८६२ म्हणजे इ. स. ९४० मधील, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट वर्धा जिल्ह्यात देवळी येथे मिळाला. त्यात दान दिलेल्या गावाच्या सीमा सांगताना एका नदीचा आणि मोहमग्राम नावाच्या गावाचा उल्लेख येतो. ती नदी म्हणजे कन्हान, मोहमग्राम म्हणजे सौसर तालुक्यातील मोहगाव, आणि उत्तरेचे गाव म्हणजे त्याच परिसरातील बेरडी, असे संशोधकांनी जुळविले आहे. आज मोहगावच्या शिवारात धुऱ्यावरून शेजाऱ्याशी बोलणाऱ्या शेतकऱ्याला कल्पनाही नसेल, की आपल्या गावाची सीमा एक हजार वर्षांपूर्वी मान्यखेटच्या राजाच्या दप्तरी लिहिली गेली होती.

१९३९ हे वर्ष मिराशींच्या संशोधनात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तोपर्यंत या राजाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथे नांदत होती, हे या लेखाने सिद्ध झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात एक नाव पूर्वीच्या विद्वानांनी वेगळे वाचले होते. वाशीमच्या लेखाचा आधार मिळताच मिराशींनी ते सर्वसेन असे वाचले आणि वंशावळीतील घोटाळा दूर झाला. एका गावी मिळालेल्या पत्र्यांनी दूरवरच्या लेण्यातील अक्षरे उजळली. त्याच वर्षी तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. मिराशींनी तो तपासून प्रसिद्ध केला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखी, पुराणांतही न आढळणारी राजनामे त्यातून इतिहासाला लाभली. हा साठा फुटून दहा घरी विखुरला असता, तर ते राजे पुन्हा विस्मृतीतच राहिले असते.

परंतु मिराशींच्या आयुष्यातील एक प्रकरण असे आहे की, ते त्यांच्या यशाइतकेच त्यांच्या साधनांची मर्यादाही दाखविते. प्रवरसेनाने वसविलेली राजधानी प्रवरपूर कोठे, हा वाकाटक इतिहासातील मोठा प्रश्न. वर्धा जिल्ह्यातील धाम नदीच्या काठचे पवनार म्हणजेच प्रवरपूर, असे मत मिराशींनी मांडले. पवनारला विनोबा भाव्यांच्या परमधाम आश्रमाच्या भूमीत खोदकाम करताना जुनी शिल्पे निघाली होती. त्यांतील भरतभेटीचे शिल्प विनोबांनी श्रद्धेने आश्रमात प्रतिष्ठापिले, ते अनेक वाचकांनी पाहिले असेल. या शिल्पांत रामकथेतील प्रसंग ओळखून, ती प्रवरसेनाने बांधविलेल्या राममंदिराची असावीत, असे अनुमान मिराशींनी केले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनार येथे उत्खननही केले. मिराशींचे मत दीर्घकाळ मान्य राहिले.

पुढे, मिराशींच्या निधनानंतर, १९९० च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळ मनसर येथे विस्तृत उत्खनन सुरू झाले. विटांची भव्य देवस्थाने उघडी पडली आणि प्रवरेश्वर हे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा हाती आल्या. त्यामुळे प्रवरपूर मनसरलाच असावे, असे काही विद्वान म्हणू लागले आणि मिटल्यासारखा वाटणारा प्रश्न पुन्हा खुला झाला. याउलट नंदिवर्धन म्हणजे नगरधन, या हिरालाल-मिराशींच्या काळापासून चालत आलेल्या मताला नगरधनच्या अलीकडच्या उत्खननाने बळकटी आली. तेथे प्रभावतीगुप्तेचे नाव व शंखाचे चिन्ह असलेली मृण्मुद्रा सापडली. मिराशींच्या कीर्तीला यामुळे उणेपणा येत नाही. उपलब्ध साधनांवरून जास्तीत जास्त जे सांगता येईल ते त्यांनी सांगितले. उरलेले उत्तर मातीत होते आणि ती माती जागेवर शाबूत राहिली म्हणूनच ते मिळाले. मनसरच्या टेकड्या सपाट करून तेथे आधीच काही बांधले गेले असते, तर हा वाद उद्भवलाच नसता आणि आपले अज्ञान आपल्याला निश्चित ज्ञान वाटत राहिले असते.

मिराशींच्या विद्वत्तेचा गौरव यथाकाल झाला. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. विदर्भ संशोधन मंडळाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि पुढे नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे सन्माननीय प्राध्यापक म्हणून काम केले. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा खंड १९५५ साली, वाकाटकांच्या लेखांचा १९६३ साली आणि शिलाहारांच्या लेखांचा १९७७ साली प्रसिद्ध झाला. एकाच विद्वानाने या ग्रंथमालेचे तीन खंड सिद्ध करावेत ही असामान्य गोष्ट होय. शिलाहारांनी कोकणावर राज्य केले होते. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी या खंडाच्या रूपाने जणू त्यांनी आपल्या जन्मभूमीचे ऋण फेडले. १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

विद्वानांसाठी इंग्रजीत लिहीत असतानाही त्यांनी मराठी वाचकाला कधी अंतर दिले नाही. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’, सातवाहनांचा आणि शिलाहारांचा इतिहास, ‘संशोधनमुक्तावलि’चे अनेक सर, हे सारे त्यांनी मराठीत लिहिले. ग्रंथालयांचे सभासद हेच त्यांचे वाचक होते. ३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा आपल्या शिवाराकडे वळू. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढर. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढर म्हणजे वस्तीची. जुने गाव उठून गेले तरी राख, चुना आणि पडक्या घरांच्या मातीने पांढर निराळी ओळखू येते. खापरांचे तुकडे, मोठ्या आकाराच्या विटा, मणी, क्वचित नाणी तेथे पावसाळ्यानंतर वर येतात. पुरातत्त्वाचे अभ्यासक गावोगावी पायी फिरून पाहणी करतात, तेव्हा प्रथम याच जागा धुंडाळतात. दुर्दैवाने हीच माती शेतात टाकण्यासाठी आणि भरावासाठी गाड्या भरभरून नेली जाते. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी येथील महापाषाणयुगीन शिळावर्तुळे प्रसिद्ध आहेत. अशा वर्तुळांचे दगड अनेक ठिकाणी बांधकामाला लागले आणि वर्तुळाबरोबर त्यातील दफनाचा पुरावाही गेला.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, रस्ते रुंदावतात, शेतजमिनींचे डायव्हर्शन होऊन प्लॉट पडतात. हे व्हावयासच हवे. घर बांधणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी नांगर वीतभर खोल जाई आणि लागलेला पत्रा शेतकऱ्याच्या हाती येई. आज यंत्र एका दिवसात पुरुषभर खोल माती उपसते आणि तीत काय होते हे पाहण्यापूर्वीच ती दुसरीकडे पसरली जाते. कायद्याचे संरक्षण आहे ते घोषित स्मारकांना. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, असे २०१० च्या दुरुस्तीने ठरले आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. परंतु नाव नसलेल्या टेकाडाला आणि खापरांनी भरलेल्या वावराला यांतून फारसे संरक्षण मिळत नाही.

मोठ्या प्रकल्पांत ही दक्षता घेता येते हे आपल्या देशाने दाखविले आहे. कृष्णेवरील धरणाच्या पाण्याखाली नागार्जुनकोंड्याचे खोरे जाणार हे ठरल्यावर, १९५४ ते १९६० या काळात ते सारे खोरे पाहून, खोदून, नोंदून काढण्यात आले. महत्त्वाच्या वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या. धरणही झाले आणि इतिहासही राहिला. एका शेताच्या बाबतीत तर इतक्या खटाटोपाची गरजही नाही. पाया आखण्यापूर्वी नांगरलेल्या जमिनीवरून जाणत्या माणसाने एक फेरी मारावी, शेताचे जुने नाव वृद्धांना विचारावे, खापरे-विटा दिसल्यास छायाचित्र घेऊन जागेची नोंद करावी, आणि काही विशेष आढळले तर पुरातत्त्व खात्याला वा विद्यापीठाला कळवावे. बहुतेक ठिकाणी काहीच निघणार नाही आणि काम बिनदिक्कत सुरू करता येईल. जेथे निघेल तेथे पाया चार हात सरकविणे किंवा थोडे दिवस थांबणे पुरेसे होईल.

या कामी ग्रंथालयाइतके योग्य स्थान दुसरे नाही. गावोगावचे सभासद येथे येतात. कोणत्या शेताला काय म्हणतात, कोठे विटा लागल्या, कोणाच्या घरी जुना पत्रा आहे, हे त्यांना ठाऊक असते. अशा माहितीची एक साधी नोंदवही ग्रंथालयात ठेवली, तर ती उद्याच्या संशोधकास मोलाची ठरेल. मिराशींनी जे उभे केले ते अशाच कुणी तरी जपून ठेवलेल्या, कुणी तरी वेळीच कळविलेल्या वस्तूंच्या आधारावर. त्या शेतकऱ्यांची नावे बहुतांशी कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी हाती आलेला पत्रा तांबटाला विकला असता तर पांढुर्णा ताम्रपट हे नाव कोणत्याही ग्रंथात आले नसते. त्या अनाम माणसांनी निभावलेली जबाबदारी आता आपल्याकडे आली आहे, आणि ती पार पाडणे हीच मिराशींना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.